शुल्काच्या नावाखाली कर

परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली, की शहरातील खानावळवाला, पिठाची गिरणी चालविणारा, छोटा गोदामदार असे सारे महापालिकेच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहतात. आतून रक्कम सांगितली जाते आणि ती निमूटपणे भरली जाते. गेल्या वर्षापेक्षा ती का वाढली, हे कोणी विचारत नाही. विचारलेच, तर 'दर वरून ठरतात' एवढेच उत्तर मिळते. वस्तुतः हा प्रश्न विचारण्याचा आधार सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच देऊन ठेवला आहे, आणि तोही एका मठाच्या निमित्ताने!

उडुपीच्या शिरूर मठाचे ते प्रकरण. मद्रास सरकारने १९५१ च्या कायद्याने हिंदू धर्मसंस्थांच्या उत्पन्नातून पाच टक्क्यांपर्यंत अंशदान वसूल करण्याची तरतूद केली होती. सात न्यायमूर्तींच्या पीठाच्या वतीने न्या. बिजनकुमार मुखर्जी यांनी कर आणि शुल्क यांतील सीमारेषा आखली. कर सक्तीने घेतला जातो आणि सर्वसाधारण कारभारासाठी खर्च होतो. शुल्क हा विशिष्ट सेवेचा मोबदला असतो. येथे वसुली आणि खर्च यांचा मेळ नव्हता, पैसा सरसकट सरकारी तिजोरीत जात होता. म्हणून तो कर ठरला आणि तो लावण्याचा अधिकार राज्याला नाही, असा निर्वाळा मिळाला.

मठासाठी आखलेली ही रेषा पुढे काशीच्या रिक्षावाल्याच्या कामी आली. वाराणसी नगरपालिकेने सायकलरिक्षांच्या परवान्याचे शुल्क वाढविले. त्याचे समर्थन करताना गल्ल्यांची फरसबंदी आणि रस्त्यांवरचे दिवे हे खर्चही तिने रिक्षावाल्यांच्या खात्यावर मांडले. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ अवैध ठरविली. रस्ते आणि दिवे हे पालिकेचे सर्व नागरिकांप्रती असलेले कर्तव्यच आहे, ती रिक्षावाल्यांची विशेष सेवा कशी? आजही कित्येक पालिका शुल्कवाढीचे समर्थन करताना शहराच्या वाढत्या खर्चाची ढाल पुढे करतात, त्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

अर्थात, न्यायालयाने प्रत्येक वेळी नागरिकाचीच बाजू घेतली, असे नाही. कलकत्ता महापालिकेने एका चित्रपटगृहाचे परवाना शुल्क वर्षाला ४०० रुपयांवरून ६००० रुपयांवर नेले. १९६४ साली न्यायालयाने बहुमताने म्हटले, की यामागे कोणतीही सेवा नाही, म्हणून हे शुल्क नव्हे, करच आहे. मात्र कायद्याने तो अधिकार दिला असल्याने वसुली वैध! पुढे १९९९ साली हैदराबादच्या हॉटेलचालकांच्या प्रकरणात नियमनासाठीच्या शुल्काला सेवेशी काटेकोर मेळ आवश्यक नाही, ही भूमिका मान्य झाली. तरीही असे शुल्क अवाजवी असू नये, ही मर्यादा शिल्लक आहे. पण अवाजवी की वाजवी हे ठरविण्यासाठी हिशेब तरी समोर हवा ना?

तेथेच महाराष्ट्रातील खरी उणीव आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम ३८६ नुसार परवान्याचे दर आयुक्त ठरवितात आणि महापालिका त्यांना मंजुरी देते. ही मंजुरी म्हणजेच जनतेचा अंकुश. २०२२ पासून बहुतेक शहरांत निवडणुका रखडल्या आणि प्रशासक आले. बहुतांश ठिकाणी आयुक्तच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणाराही तोच आणि मंजुरी देणाराही तोच! लोकशाहीत याला मंजुरी म्हणत नाहीत, टिपणीवरची दुसरी सही म्हणतात.

जकात गेली, उत्पन्नाचे मार्ग आटले, अशी तक्रार पालिका करतात. तक्रार खोटी नाही. परंतु तिजोरीतील खडखडाट हे कर लावण्याचे कारण होऊ शकते, शुल्क वाढविण्याचे नव्हे. कर लावायचा तर सभागृहात उघडपणे मांडावा लागतो, मतदारांचा रोष पत्करावा लागतो. तो टाळण्यासाठीच परवान्याची चोरवाट सोयीची वाटते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील शुल्काध्यक्ष नगराच्या महाद्वाराजवळ ध्वज उभारून शुल्क घेत असे. विवाह आणि देवकार्यासाठीच्या वस्तूंना तेथे सूटही होती. आमच्या पालिकांना ध्वज नको, पडदा हवा!

राज्य शासनाने २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीतून सोडवून केवळ सूचना देण्याची मुभा दिली, तेव्हा कोणतेही आभाळ कोसळले नाही. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर सभागृहे पुन्हा भरली आहेत. परवाना शुल्काचा प्रस्ताव येईल तेव्हा नगरसेवकांनी आयुक्तांकडे एकच कागद मागावा : वर्षभरात परवाने किती दिले, प्रत्यक्ष तपासण्या किती झाल्या, त्यावर खर्च किती झाला आणि जमा किती. हा कागद मिळेपर्यंत प्रस्तावावर मतदान होऊ देऊ नये.