तो पळत नाही, म्हणून आपण थांबायचं

इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे एक हजार किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरात गॅलापागोस बेटं आहेत. तिथे सहलीला गेलेल्यांचे फोटो हल्ली सतत नजरेस पडतात. माणसाचा हसरा चेहरा आणि खांद्यामागे हातभर अंतरावर काळाकभिन्न समुद्री इग्वाना. खाली लिहिलेलं असतं, ‘काय मस्त पोज दिली बघा याने!’ त्याने पोज दिलेली नसते. तो अंग तापवत बसलेला असतो, आणि माणसाला भ्यायचं असतं हे त्याला ठाऊक नसतं. या फोटोंबद्दल मला मनापासून बोलायचं आहे.

मी रत्नागिरीत शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर लेकीच्या आग्रहाने त्या बेटांवर गेले. समुद्री इग्वाना दिसणार हे माहीतच होतं, पण ते खडकांवर दिसतील अशी माझी समजूत होती. इसाबेला बेटावर पुएर्तो व्हिलामिल गावाजवळ कोंचा दे पेर्ला नावाची एक शांत, आडोशाची खाडी आहे. खारफुटीतून लाकडी फळ्यांची वाट तिथे जाते. त्या वाटेवरही दोन-चार इग्वाना ऐसपैस पसरले होते आणि आम्ही अंग चोरून कडेने गेलो. पाण्यात उतरून, चष्मा आणि श्वासाची नळी लावून मी मासे पाहत होते. एवढ्यात डावीकडून काहीतरी लांब, काळं, वळवळत आलं. कोकणात वाढलेल्या बाईच्या मनात आधी सापच येतो. मग पाय दिसले. चारही पाय अंगाला चिकटवलेले, मुंडकं पाण्याच्या वर, आणि सगळी चाल शेपटीची. शेपूट डावी-उजवीकडे लाटेसारखी फिरत होती आणि तो सरळ रेषेत माझ्याकडेच येत होता.

“आई, हलू नकोस! जाऊ दे त्याला!” काठावरून लेक ओरडली.

तो माझ्या खांद्याजवळून गेला. त्याने वळून पाहिलं नाही की वेग बदलला नाही. पलीकडच्या खडकावर नख्या रोवत चढला, पोट दगडाला टेकवून बसला आणि नाकातून फुर्रकन खारट फवारा उडवला. खाण्याबरोबर पोटात जाणारं जादा मीठ नाकाजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकायची ही त्याची सोय. वर्गात मी ती फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. दोन हातांवर ती घडताना पाहून डोळे भरून आले.

समुद्रात जाऊन चरणारा जगातला हा एकमेव सरडा. खातो काय, तर खडकांवरचं लाल-हिरवं शेवाळ. माद्या आणि लहान इग्वाना ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर चरतात. मोठे नर बुडी मारून खालचं शेवाळ खरवडतात. बेटं विषुववृत्तावर असली तरी दक्षिणेकडून येणारा हम्बोल्ट प्रवाह आणि खोलातून वर येणारं पाणी यांमुळे तिथला समुद्र गार असतो. सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. उन्हात पस्तीस-छत्तीस अंश सेल्सियसपर्यंत तापलेलं शरीर बुडीनंतर कितीतरी अंशांनी उतरतं. गारठलेल्या इग्वानाला चपळाईने पळता येत नाही आणि पोटातलं शेवाळही नीट पचत नाही. म्हणजे तो खडकावर ‘निवांत पडलेला’ दिसतो तेव्हा खरं तर त्याचं जेवण अर्धंच झालेलं असतं. पाण्यातून नुकत्याच आलेल्या, थंड पडलेल्या इग्वानाची वाट अडवून आपण फोटो काढतो किंवा त्याच्यावर सावली धरून उभे राहतो, तेव्हा त्याच्या तोंडचा घास अडवतो. तो निषेध नोंदवत नाही, एवढंच.

तो पळत का नाही, हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. 1835 मध्ये बीगल जहाजावरून तो या बेटांवर आला. ओहोटीनंतर खडकात साचलेल्या खोल पाण्यात त्याने एका इग्वानाला पुन्हा पुन्हा फेकलं, आणि दर वेळी तो प्राणी पोहत थेट डार्विन उभा होता तिथेच परत आला. डार्विनने त्याचा अर्थ असा लावला की या जीवाला जमिनीवर शत्रू नाही, समुद्रात मात्र शार्क आहेत. म्हणून काहीही संकट आलं तरी किनारा सुरक्षित, हे त्याच्या अंगात मुरलेलं आहे. संकट किनाऱ्यावरच उभं असेल तर काय करायचं, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

माणसाने त्या बेटांवर कुत्री आणि मांजरं नेली, तेव्हा ही उणीव जिवावर बेतली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की जिथे असे शिकारी नव्हते तिथल्या इग्वानांच्या शरीरात पाठलाग केल्यावरही सुरुवातीला ताणाचं संप्रेरक वाढत नव्हतं. अनुभवाने ते थोडे सावध होतात, पण कुत्र्यापासून वाचायला पुरेल इतके नाहीत. त्यांच्या या निर्भयपणाला आपण मैत्री समजतो. ती मैत्री नाही. अंतर राखायची सगळी जबाबदारी म्हणूनच आपल्यावर येते.

आणि हा जीव वाटतो तितका दणकट नाही. 2001 च्या जानेवारीत सान क्रिस्तोबाल बेटाजवळ जेसिका नावाचं तेलवाहू जहाज खडकात रुतलं. सांडलेल्या तेलाचा अगदी थोडा अंश सांता फे बेटाच्या किनाऱ्याला लागला. तरी वर्षभरात तिथले 62 टक्के समुद्री इग्वाना मेले. शेवाळ पचवणारे आतड्यांतले जिवाणू तेलाने मारले असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. एल निन्योच्या वर्षांत समुद्र तापतो, त्यांचं शेवाळ नाहीसं होतं, आणि इग्वाना उपाशी मरतात. जे तगतात त्यांच्यातले काही चक्क आखूड होतात, लांबीने वीस टक्क्यांपर्यंत. नुसते रोडावत नाहीत, हाडांसकट आक्रसतात. अन्न परतलं की पुन्हा वाढतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी संध्याकाळभर दुसरं काही करू शकले नव्हते. इतक्या काटकसरीने जगणाऱ्या प्राण्याचं ऊन आपल्या एका फोटोसाठी खर्ची पडावं?

गॅलापागोस राष्ट्रीय उद्यानाचा नियम सोपा आहे: प्राण्यापासून किमान दोन मीटर दूर राहा, शिवू नका, खायला घालू नका. बेटांवरच्या वाटाड्या बाई आमच्या घोळक्याला तो परत परत सांगत होत्या. पाण्यातून प्राणी आपणहून जवळ आला तर स्थिर राहायचं आणि त्याला वाट द्यायची. 1 ऑगस्ट 2024 पासून बहुतेक परदेशी प्रवाशांसाठी प्रवेशशुल्क शंभरावरून दोनशे डॉलर झालं. आपल्या रुपयांत ही रक्कम डोळ्यांवर येते, तरी मी तिच्या बाजूने आहे. वर्षाला लाखो माणसं तिथे उतरतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायला माणसं लागतात, आणि त्या माणसांना पगार लागतो.

ही शिस्त आपल्या माणसांना जमत नाही, हे मला मान्य नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा मुंबई-पुण्याहून आलेली माणसं दोरीमागे उभी राहतात. लहान मुलंसुद्धा. कुणीतरी आधी नीट समजावून सांगितलेलं असतं, म्हणून ते होतं. त्याच कोकणात डॉल्फिन दिसला की चार होड्या चारी बाजूंनी त्याच्यावर धावतात, कारण होडीत बसताना कुणी काही सांगितलेलं नसतं.

म्हणून माझं मागणं आपल्या सहल कंपन्यांकडे आहे. दूरच्या बेटांच्या सहली विकताना जाहिरातीत प्राण्याला खेटून काढलेले फोटो छापू नका. निघण्याआधीच्या बैठकीत व्हिसा आणि सामानाच्या वजनाबरोबर तिथले नियम मराठीत सांगा, कारणांसकट. इग्वाना पाण्यातून आल्यावर गार असतो, त्याला ऊन हवं असतं, त्याची वाट सोडा, एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात. आणि घोळक्यातल्या कुणी नियम मोडला, तर ते पैसे भरलेले पाहुणे आहेत म्हणून टूर मॅनेजरने गप्प बसू नये.