जकात न घेणारे चाचा

रमजान लागला की वलगावात घरोघरी जकातीचा हिशेब सुरू होतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या मालाचा चाळिसावा हिस्सा, शेकडा अडीच रुपये. गेल्या रमजानात आमची वही उघडली, तेव्हा शेजारचे चाचा आठवले. वय 67, शिलाई मशीन कधीचं बंद. बीपीची गोळी ते एक दिवसाआड घेत होते. पुडी जास्त दिवस पुरावी म्हणून. मी आडून आडून जकातीचा विषय काढला. ते हसले, "सर, जिंदगीभर दी है. लेने की आदत नहीं."

शिवाय नियमानेही त्यांना ती चालली नसती. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी रक्कम गरजेपलीकडे शिल्लक असली, की आपल्याकडच्या हनफी रिवाजाप्रमाणे माणूस जकात घेऊ शकत नाही. चाचांनी छपरासाठी तेवढे पैसे जपून ठेवले होते. मुलाची जकातही आईवडिलांना चालत नाही. त्यांचा खर्च हे मुलाचं कर्तव्यच आहे. मुलगा पुण्यात, त्याचंच भागत नाही.

मग विमा? 65 नंतर नवी पॉलिसी नाकारण्याची वयोमर्यादा 2024 मध्ये निघाली खरी, पण हप्ता ऐकूनच बीपी वाढतं. त्यात व्याज आणि अनिश्चितता असल्याने बऱ्याच उलेमांना तो मान्य नाही, काहींना आहे. त्या वादात मी इथे शिरत नाही. सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, उत्पन्न कितीही असो. ते प्रत्येकाने काढावंच. पण ते मुख्यतः भरती झाल्यावर कामी येतं. रोजची गोळी, रक्ततपासणी, अमरावतीचं ऑटोभाडं खिशातूनच जातं.

तकाफुल नावाची पद्धत आहे. सगळ्यांनी दान म्हणून वर्गणी टाकायची आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचं. अमेरिकेत ख्रिस्ती मंडळीही असे आजाराचे खर्च वाटून घेतात. मात्र तिथे बिल भरलं जाईलच याची कायदेशीर हमी नसते, जुना आजार अनेकदा वगळला जातो. म्हाताऱ्यांना तर जुनेच आजार असतात! इतकं लांब जायलाही नको. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांकडून सुगीत ज्वारी घेऊन हेच केलं. जमीनवाल्याने जास्त द्यायची, भूमिहीनाने कमी, आणि वर्षभर उपचारात सवलत. ज्वारी देणारा दवाखान्यात हात पसरत नव्हता, आपला हिस्सा मागत होता.

चाचांना हवं होतं ते एवढंच. म्हणून मला वाटतं, जकातीची पेटी वेगळी राहू द्यावी आणि साठीपुढच्यांच्या औषधांसाठी दुसरी पेटी काढावी. महिन्याला ज्याला जे झेपेल ते, चाचांनीही वीस रुपये टाकायचे. रोकड कोणाच्या हाती न देता बिल थेट मेडिकलवाल्याकडे चुकतं करायचं. हिशेब दर महिन्याला भिंतीवर लावायचा, नाहीतर दुसऱ्या ईदपर्यंत भांडणं. मोठ्या ऑपरेशनचं वचन द्यायचं नाही, तेवढी आपली ताकद नाही.

आणि ही पेटी मशिदीपुरती नको. जकातीला बंधनं आहेत, वर्गणीला आणि सदक्याला नाहीत. गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी आमच्या वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी देह ठेवला. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा उभारली, ती जात विचारून नव्हे. चाचांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकूंनाही शुगर आहे.

परवा इफ्तारनंतर चाचांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, "हिसाब कौन लिखेगा?" मी म्हटलं, "तुम्हीच." त्यांनी चष्मा मागितला.