सिंहाचा वाटा

सामन्यांच्या वृत्तान्तांत, सत्कारसमारंभांतील भाषणांत आणि संस्थांच्या वार्षिक अहवालांत ‘या यशात अमुक गृहस्थांचा सिंहाचा वाटा आहे’ हे वाक्य हल्ली इतक्या सहजतेने येते, की इंग्रजीच्या द्वारे आपल्याकडे आलेला हा प्रयोग मुळात गौरवाचा नसून फिर्यादीचा आहे, याचे भान लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाही उरलेले नाही.

या प्रयोगामागची, इसापाच्या नावावर चालत आलेली कथा इसवी सनाच्या पहिल्या शतकात फीड्रसने लॅटिन पद्यात बांधली. तीत गाय, शेळी, मेंढी आणि सिंह मिळून हरिण मारतात. चार भाग होताच सिंह पहिला राजा म्हणून घेतो, पुढचे बळाचा हवाला देऊन घेतो आणि चौथ्याला जो शिवेल त्याची धडगत नाही असे बजावतो. दुसऱ्या एका कथेत समान वाटणी करणारे गाढव प्राणास मुकते आणि ते पाहून शहाणा झालेला कोल्हा जवळजवळ सगळी शिकार सिंहापुढे ठेवतो. सिंहाचा वाटा म्हणजे सर्वस्व की बहुतांश, या इंग्रजीतील जुन्या वादात दोन्ही पक्षांना आधार आहे तो असा. परंतु माझ्या मते या प्रयोगाचे खरे लक्षण परिमाणात नसून, वाटणीला बळाखेरीज दुसरा आधार नसण्यात आहे.

रोमन विधिज्ञांनी हे मर्म नेमके ओळखले होते. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने ५३३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायजेस्ट’मध्ये अल्पियनच्या लेखणीतून कॅसियसचे मत आले आहे, ते असे की, एकाने केवळ नफा घ्यावा आणि दुसऱ्याने केवळ तोटा सोसावा, असा करार भागीदारी ठरूच शकत नाही, त्याला ‘सिंहाची भागीदारी’ म्हणत. आपला १९३२ चा भागीदारी कायदा, निराळा करार नसेल तर, नफा आणि तोटा दोन्ही समान वाटून देतो. तेव्हा अधिक भांडवल घालून, सर्वांच्या राजीखुशीने, करारनाम्यात नमूद केलेला पाऊण हिस्सा घेणारा भागीदार सिंहाचा वाटा घेत नाही, स्वतःचा रास्त हिस्सा घेतो.

मराठीत सेतुबंधाच्या लोककथेतला ‘खारीचा वाटा’ हा देण्याचा वाटा; त्याच्या शेजारी बसून सिंहाचाही वाटा देण्याचा झाला असावा. शब्दांचे अर्थ पालटतात, हे मला मान्य आहे. परंतु ज्याच्या घामाच्या पिकाची बहुतेक किंमत मधला दलाल गिळतो, त्या शेतकऱ्याची तक्रार दोन शब्दांत मांडण्याचे सामर्थ्य या प्रयोगात आहे, आणि तोच प्रयोग सत्काराच्या हारात ओवला गेला की तक्रारीची धार बोथट होते. कर्तबगार माणसाच्या गौरवाला ‘मोठा वाटा’ हे साधे शब्द पुरेसे आहेत. सिंहाचे नाव मात्र दुर्बलाचा हिस्सा हिरावणाऱ्यासाठीच राखून ठेवावे, असा माझा आग्रह आहे.