सही आणि सहीचा फोटो

हापिसात लिनक्स वापरणाऱ्याला नेहमी ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, "ही पीडीएफ सही करून पाठव रे, दोन मिनिटांचं काम आहे!" अ‍ॅडोबने लिनक्सवरचा रीडर २०१३ नंतर वाऱ्यावर सोडला. मग आपली मंडळी काय करतात? 'फ्री पीडीएफ एडिटर' असं गुगलतात आणि समोर येईल त्या साइटवर फाइल चढवतात. फाइलमध्ये काय? तर पगार, पॅन नंबर, घरचा पत्ता! रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला आपण हा कागद वाचायला तरी देऊ का?

बरं, याची गरजही नाही. फॉर्म भरायचा, चार शब्द टाकायचे, तर फायरफॉक्समध्येच २०२२ पासून सोय आहे. सहीचं चित्र चिकटवायला झुर्नल++ झकास. मूळ मजकूर बदलायचा असेल तर लिबरऑफिस ड्रॉ. फॉन्ट नसेल तर मांडणी विस्कटते, पण किरकोळ दुरुस्तीला चालतं.

पण खरी गोची पुढेच आहे. चिकटवलेली सही म्हणजे फक्त चित्र. ते कुणीही कापून दुसऱ्या कागदावर लावू शकतं. डिजिटल सही वेगळी. त्यात फाइलचा हॅश काढून तो तुमच्या खाजगी कीने बांधला जातो. नंतर रकमेतला एक आकडा जरी बदलला, तरी तपासणाऱ्याला कळतं. आपल्या २००० सालच्या आयटी कायद्याची मान्यता आहे ती या सहीला. ओक्युलरमध्ये ती २०२१ पासून करता येते. सर्टिफिकेट फायरफॉक्सच्या साठ्यात घातलं की झालं. आलेल्या फाइलवरची सही तपासायला टर्मिनलवर 'पीडीएफसिग' आहेच. अडतं ते यूएसबी टोकनपाशी. त्याचा लिनक्स ड्रायव्हर आहे का, हे घेण्याआधीच विचारा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी एचआरची मेल आली की आधी विचारा, "सही हवी की सहीचा फोटो?" रजेच्या अर्जाला फोटो पुरे. करारावर मात्र फोटो चिकटवून 'साइन्ड' म्हणणं ही दोघांनी मिळून केलेली आपलीच फसवणूक आहे. आणि त्यात विंडोज असो की लिनक्स, काहीच फरक पडत नाही!