महाराष्ट्राचे मत, वऱ्हाडाचा वाटा

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत महाराष्ट्र कोणाच्या बाजूने उभा राहिला, हा विषय निघाला की वऱ्हाडाला २००७ साल आठवते. प्रतिभाताई पाटील यांचे माहेर जळगाव जिल्ह्यात, सासर अमरावतीत. १९९१ मध्ये अमरावतीनेच त्यांना लोकसभेवर पाठवले होते. त्यांच्यासमोर तत्कालीन उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत होते. ते अपक्ष म्हणून उभे होते, तरी त्यांच्यामागे राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे बळ होते. शिवसेना त्या आघाडीतच होती. तरीही मराठी व्यक्ती राष्ट्रपती होत आहे, या कारणाने बाळासाहेब ठाकरे यांनी प्रतिभाताईंना पाठिंबा जाहीर केला. १९ जुलैला मतदान झाले आणि २१ जुलैला निकाल लागला. प्रतिभाताईंना ६,३८,११६, तर शेखावतांना ३,३१,३०६ इतक्या मूल्याची मते मिळाली.

या निकालाचे वर्णन ‘महाराष्ट्राने आपल्या लेकीला मत दिले’ असे केले जाते. त्यातला अभिमान रास्त आहे, पण ते पूर्ण सत्य नव्हे. अमरावतीचे तेव्हाचे खासदार अनंत गुढे शिवसेनेचे, तर अकोल्याचे संजय धोत्रे भाजपचे. दोन्ही पक्षांची युती होती आणि दोन्ही मतदारसंघ एकमेकांना लागून आहेत. तरी त्यांच्या पक्षांनी वेगवेगळ्या उमेदवारांना पाठिंबा दिला होता. अमेरिकेत बहुतेक राज्यांची सर्व निर्वाचक मते त्या राज्यात पुढे असलेल्या उमेदवाराच्या पदरात पडतात. आपल्याकडे तसे होत नाही. प्रत्येक आमदाराचे आणि खासदाराचे मत स्वतंत्रपणे मोजले जाते. म्हणून ‘राज्याचे मत’ म्हणजे प्रत्यक्षात त्या प्रतिनिधींच्या मतांची बेरीज असते.

या मताला वजन कसे येते, तेही समजून घ्यायला हवे. १९७१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाखांच्या घरात होती. तिला विधानसभेच्या २८८ जागांनी आणि पुढे हजाराने भागले की १७५ येतात. हे आपल्या एका आमदाराच्या मताचे मूल्य. आज अमरावती जिल्ह्यात विधानसभेच्या ८ आणि अकोल्यात ५ जागा आहेत. त्या तेरा आमदारांच्या मतांचे एकत्रित मूल्य २,२७५ होते. उत्तर प्रदेशात एका आमदाराच्या मताचे मूल्य २०८, तर सिक्कीममध्ये ७. सर्व आमदारांच्या मतांची बेरीज आणि सर्व खासदारांच्या मतांची बेरीज जवळजवळ सारखी यावी, अशा बेताने खासदाराच्या मताचे मूल्य ठरते. २००७ मध्ये ते ७०८ होते.

थेट जनतेतून राष्ट्रपती निवडावा, ही मागणी संविधान सभेत झाली होती. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी त्या सभेचे सदस्य होते. खरी सत्ता लोकसभेला उत्तरदायी असलेल्या मंत्रिमंडळाकडे राहणार असेल, तर थेट जनादेश घेऊन आलेला राष्ट्रपती हे दुसरे सत्ताकेंद्र ठरेल, असा विचार करून सभेने ती मागणी मान्य केली नाही. त्याच वेळी राष्ट्रपती केवळ संसदेच्या बहुमताचा प्रतिनिधी राहू नये, म्हणून राज्यांच्या आमदारांनाही या निवडणुकीत बरोबरीचा वाटा दिला. ही रचना शहाणपणाची आहे आणि ती टिकली पाहिजे.

मात्र या रचनेत मतदाराला फारसे काही दिसत नाही. मतदान गुप्त असते आणि त्यासाठी पक्षाला व्हिप काढता येत नाही. १९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांचा पराभव होऊन व्ही. व्ही. गिरी निवडून आले, ते या मोकळिकीमुळेच. गुप्तता आमदाराला दडपणापासून वाचवते, म्हणून तिला हात लावण्याचे कारण नाही. पण पक्षांनी मौन बाळगावे, असे ही गुप्तता सांगत नाही. २००७ मध्ये शिवसेनेने आपले कारण उघडपणे सांगितले, हे योग्यच झाले. केवळ मराठीपण या पदासाठी पुरेसे आहे का, असा प्रश्न लोकांना विचारता आला, तो कारण समोर होते म्हणूनच. त्रिशंकू लोकसभेत सरकार स्थापनेचे निमंत्रण कोणाला द्यायचे, एखादे विधेयक फेरविचारासाठी परत पाठवायचे का, असे निर्णय राष्ट्रपतीला घ्यावे लागतात. त्यासाठी उमेदवाराची संविधानावरची निष्ठा आणि स्वतंत्र बुद्धी पाहावी लागते. तो कुठल्या गावचा, हा मुद्दा त्यानंतरचा.

पुढची निवडणूक २०२७ मध्ये आहे. आपल्या उमेदवाराला पाठिंबा का, हे प्रत्येक पक्षाने मतदानापूर्वी लेखी जाहीर करावे आणि वऱ्हाडातल्या मतदारांनी तो आग्रह आपापल्या आमदारांकडे धरावा. आमदाराच्या मताचे १७५ हे मूल्य जनतेच्या संख्येवरून आले आहे. त्याच्या वापरामागचे कारण जाणून घेण्याचा अधिकारही जनतेचाच आहे.