सायकलस्वार आणि भ्रमणध्वनीतील नकाशा
बऱ्हाणपुराहून असीरगडाकडे सायकलीने निघालेल्या विद्यार्थ्यास आज भ्रमणध्वनी वाट दाखवितो, अंतर मोजतो, वेगही सांगतो. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरील किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून तो स्थान निश्चित करितो. विज्ञानाच्या या देणगीचे आम्ही स्वागतच करितो. परंतु वळणावरून येणारी मालमोटार त्या नकाशात दिसत नाही. ती आपल्याच डोळ्यांनी पाहावयाची असते. शिवाय वेगाचे आकडे वाढविण्याच्या नादात, भूगर्भातील पाणी शहरास पुरविण्यासाठी बांधलेला मोगलकालीन कुंडी भंडारा न पाहताच पुढे जावे, हे सहलीचे फलित नव्हे. म्हणून आमचे मत असे की, निघण्यापूर्वी नकाशा अभ्यासावा, वाटेत यंत्र खिशात ठेवावे आणि शंका आल्यास रस्त्याच्या कडेला थांबूनच ते पाहावे.