ऑक्सिमीटरचा आकडा कुणाच्या बोटावर तपासला होता?

कोरोनाच्या पहिल्या लाटेत 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या. आपल्यापैकी अनेकांच्या घरात हे यंत्र तेव्हा पहिल्यांदा आलं. पुढच्या लाटेत तर सगळं त्या आकड्यावरच येऊन ठेपलं. केंद्र सरकारच्या २०२१च्या उपचार-सूचनांत ९०च्या खाली गेलेला पेशंट गंभीर, ९० ते ९३ मध्यम, आणि त्यावर असून धाप लागत नसेल तर घरीच. दोन-तीन अंकांच्या फरकावर बेड मिळत होता किंवा हुकत होता.

डिसेंबर २०२०मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास छापला. बोटावरचा आकडा आणि त्याच वेळी धमनीतून घेतलेल्या रक्ताची तपासणी, अशी तुलना त्यांनी केली होती. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातलं खरं प्रमाण ८८च्याही खाली असण्याची वेळ गोऱ्या पेशंटच्या ३.६ टक्के मोजण्यांत आली, तर काळ्या पेशंटच्या ११.७ टक्के मोजण्यांत. म्हणजे तिपटीहून जास्त. यंत्र म्हणतंय ठीक आहे, आणि माणूस आतून गुदमरतोय.

कारण गुंतागुंतीचं नाही. हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडतं आणि पलीकडे किती पोचला ते मोजतं. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. ज्यांच्या बोटांवर यंत्र जुळवून घेतलं ती बोटं बहुतेक गोरी असतील, तर काळ्या बोटावर हिशेब चुकणारच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा २०१३चा दंडक असा होता: किमान १० निरोगी माणसांवर चाचणी, त्यांत काळसर त्वचेचे किमान २ जण किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. दहात दोन! जानेवारी २०२५मध्ये त्याच प्रशासनाने नवा मसुदा काढला आणि संख्या किमान १५०वर नेली.

मला यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ही चूक २०२०मध्ये पहिल्यांदा सापडलेली नाही. १९९०मध्ये आणि पुन्हा २००५मध्ये ती शोधनिबंधांत नोंदली गेली होती. तरीही यंत्रं तशीच विकली गेली. मिशिगनच्या डॉक्टरांना हा प्रश्न तपासावासा वाटला तो एमी मोरान-थॉमस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा 'बोस्टन रिव्ह्यू'मधला लेख वाचून. घरात कोरोना आल्यावर त्यांनी ऑक्सिमीटर आणला, तो चालतो कसा हे शोधायला बसल्या आणि ते जुने निबंध त्यांच्या हाती लागले. 'समाजशास्त्र शिकून करणार काय?' हा प्रश्न आपल्या घरांत नेहमी असतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता कुणी म्हणेल, हा वंशाचा मामला, आपल्या जातीशी त्याचा काय संबंध? हा आक्षेप रास्त आहे. कातडीच्या रंगावरून जात ठरत नाही. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स'मध्ये अस्पृश्यतेचा वांशिक सिद्धान्त मोजमापांच्या आधारेच खोडून काढला होता. म्हणून अमेरिकेतले आकडे उचलून दलितांना चिकटवणं मला मान्य नाही. पण आपल्या देशात सावळी-काळी त्वचा कोट्यवधींची आहे, आणि चुकीची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात शंका आली की डॉक्टर एबीजी करतात, दहा-पंधरा मिनिटांत खरा आकडा समोर येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मशीन नसतं. तिथे बोटावरचा आकडा हाच शेवटचा शब्द. अशा केंद्रावर कोण अवलंबून असतं, हे या वाचकांना मी सांगायला नको.

दुसरा पुरावा मशीनचा नाही, माणसांचा आहे. १९९३मध्ये लॉस एंजेलिसच्या एका इमर्जन्सी विभागातल्या हाड मोडलेल्या १३९ पेशंटांचे कागद तपासले गेले. गोऱ्या पेशंटांपैकी २६ टक्के लोकांना वेदनाशामक मिळालं नव्हतं, हिस्पॅनिक पेशंटांपैकी ५५ टक्के लोकांना. मोडलेलं हाड तेच, दवाखाना तोच. हा भेद पकडता आला, कारण पेशंट कोण हे कागदावर नोंदलेलं होतं.

आपल्याकडे कॅज्युअल्टीच्या केस पेपरवर नाव, वय, लिंग, पत्ता आणि एमएलसी आहे की नाही एवढं असतं. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात-राजस्थानच्या गावांत दलित मुलांना आरोग्यसेवा देताना होणारा भेदभाव नोंदवलाय, औषध देताना स्पर्श टाळण्यापर्यंतचा. पण तो अभ्यास घरोघरी जाऊन विचारून केलेला आहे. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत कुणाला किती मिनिटांनी हात लावला, कुणाला दुखण्याचं इंजेक्शन मिळालं, हे त्यातून कळू शकत नाही.

मग केस पेपरवर जात लिहायची का? हा प्रश्न मी काढतो तेव्हा सर्वांत आधी आपलीच माणसं चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. आडनाव सांगताना ज्याचा आवाज खाली जातो, त्याला तुम्ही वेदनेत जात लिहायला लावणार? माझं उत्तर: केस पेपरवर अजिबात नको. डॉक्टर-नर्सला ती दिसताच कामा नये. सुट्टी होताना किंवा नंतर, ऐच्छिक, वेगळ्या फॉर्मवर प्रवर्ग विचारावा आणि नाव काढून तो संशोधकांकडे जावा. त्यातही गळतीचा धोका आहे, मी नाकारत नाही. पण नोंदच नसेल तर 'आमच्याकडे भेदभाव होत नाही' हे वाक्य कुणाला कधीच खोडता येणार नाही, आणि मला तो धोका जास्त मोठा वाटतो.

हे वाचणाऱ्यांत नर्सिंगच्या मुली असतील, इंटर्न असतील, १०८च्या गाडीवरचे असतील. वरच्यांनी फॉर्म बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. एकाच आकड्यावर विसंबू नका, तो दर थोड्या वेळाने खाली जातोय का ते बघा. नखांचं पॉलिश काढा, थंड हात ऊबदार करा. श्वास मिनिटाला किती, ते घड्याळ लावून मोजा. काळ्या त्वचेवर निळेपणा ओठांवर शोधू नका, जीभ आणि हिरड्या बघा. ९४ दिसत असूनही पेशंट वाक्य पुरं करू शकत नसेल, तर पेशंटवर विश्वास ठेवा आणि सिनिअरला उठवा. ओरडा बसला तरी.

आणि विभागात 'नवीन पुरावा' म्हणून एखादा पेपर वाचला जाईल तेव्हा त्यातला पहिला तक्ता काढून बघा. अभ्यासात कोण होतं, ते तिथे लिहिलेलं असतं. भारतातल्या पेपरात वय, लिंग, मधुमेह, रक्तदाब सापडेल. जातीची ओळ बहुधा नसेल.